४५ लिटरची सॅक: सव्वा वर्ष माळ्यावर, दोन वर्षं पाठीवर

आधी स्टार सांगून टाकते, पाचपैकी चार. एक कापलाय तो चेन आणि रेनकव्हर मिळून, ते पुढं येईलच. ब्रँडचं नाव विचारू नका, आत जो टॅग होता त्याची अक्षरं पहिल्याच धुण्यात गेली आणि चेनच्या रनरवर काहीच छापलेलं नाही. दुकान मेनरोडचं, पण त्या दुकानदाराने मला वॉटरप्रूफ म्हणून जे काय सांगितलं त्याबद्दल मी बोलणार आहे म्हणून त्याचंही नाव नको.

मी नाशिकच्या सिडकोत ब्लाउज शिवते, सव्वीस वर्षं झाली. त्यामुळे कुठलीही पिशवी हातात आली की मी ती आधी उलटी करते आणि मग सुलटी बघते. ही सॅक पण दुकानात उलटी केली तर तो मुलगा म्हणाला काकू आतून काय बघताय, बाहेरून बघा ना कलर किती भारी आहे. कलर राखाडी आणि कडेला केशरी पायपिंग, ठीक आहे. आत मात्र शिवणीचे काठ पट्टीने बांधलेले होते, खांद्याचा पट्टा जिथं पाठीला जोडतो तिथं बार्टॅक होता म्हणजे त्या आडव्या दाट टाक्यांचा ठिपका, आणि ओढून बघितलं तर कापड चुरगळलं पण टाका हलला नाही. तेवढं बघून १८५० रुपये दिले. २०२२ ची दिवाळी, गिऱ्हाइकांचे ब्लाउज संपवून हातात पैसे आले होते आणि पुण्याची मुलगी मागं लागली होती की आई तू एकदा तरी कुठंतरी जा.

घरी आणली, सगळ्यांना दाखवली, आणि माळ्यावर टाकली.

पुढचं सव्वा वर्ष ती तिथंच. आता हा सॅकचा रिव्ह्यू आहे, पण ती माळ्यावर का पडून राहिली हे सांगितल्याशिवाय रिव्ह्यू अर्धवट राहील, कारण मला खात्री आहे नाशकात निम्म्या घरांच्या माळ्यावर अशी एक बॅग आहे, हळदीकुंकवात मिळालेल्या डब्यांच्या आणि कूलरच्या मागं.

पहिलं म्हणजे पैसे. माझ्या डोक्यात प्रवास म्हणजे टूरवाल्यांची ती पानभर जाहिरात, काश्मीर, माणशी अमुक हजार, सकाळी चहा संध्याकाळी सूप. तेवढे नाहीत म्हणजे आपला विषय नाही. मला हे कधी सुचलंच नाही की तो आकडा प्रवासाचा नाहीये, तो दुसऱ्याने सगळं करून देण्याचा आहे, जसं रेडिमेड ब्लाउज घेतला तर तुम्ही कापडाचे वेगळे आणि शिलाईचे वेगळे देता पण बिलावर एकच आकडा दिसतो. हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावते आणि स्वतःला नाही समजलं.

मग दुकान. दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक तुटतं. हे पण मी दहा वर्षं म्हणत होते. शेवटी मुलीने कॅलेंडर समोर धरलं आणि विचारलं की पौषात तू किती ब्लाउज शिवतेस. पौषात कोण लग्न करतंय! फॉल पिको सोडून त्या महिन्यात काहीच नसतं, मी दुकानात बसून मोबाईल बघते आणि वर म्हणते वेळ नाही. ज्यांचा धंदा लग्नसराईचा आहे, मंडपवाले, मेंदीवाल्या, ब्यूटी पार्लरवाल्या, त्या सगळ्यांना वर्षात एक अख्खा महिना फुकट मिळालाय आणि त्याला आपण अशुभ म्हणून बसलोय.

आणि मग "बाई एकटी कुठं जाते". हे वाक्य आमच्या घरात सगळ्यात जास्त कोण म्हणायचं तर मी. दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत मीच म्हणून टाकायचे. मिस्टरांना बाहेरचं जेवण चालत नाही, दुसऱ्या दिवशी पोट धरून बसतात, त्यामुळे ते येणार नाहीत हे ठरलेलं, आणि ते नाहीत म्हणजे मी पण नाही. गंमत म्हणजे ज्या घरात मी हे म्हणत होते त्याच घरात माझ्या सासूबाई राहतात ज्यांनी त्र्यंबकहून निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरची पायी वारी अकरा वेळा केलीय. जवळपास महिनाभर चालायचं, रात्री शाळेत नाहीतर कुणाच्या ओसरीवर झोपायचं, एक कापडी पिशवी, त्यात दोन लुगडी, टाळ आणि बटवा. माझे सासरे कधीच गेले नाहीत त्यांच्याबरोबर. मी त्यांना विचारलं की आई तुम्हाला भीती नाही वाटली का, तर म्हणाल्या भीती कशाची, चुलीला सुट्टी होती.

तर २०२४ च्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, मी सॅक खाली काढली.

एकदम लांब जायच्या आधी ट्रायल घेतली. सॅकमध्ये अस्तराच्या कापडाचे तागे भरले, घरच्या वजनकाट्यावर साडेसहा किलो केलं आणि रिक्षाने पांडवलेणीला गेले. पायऱ्या चढता चढता दोन गोष्टी कळल्या. एक, सॅकचं वजन खांद्यावर घ्यायचंच नसतं. कमरेचा जो पट्टा असतो तो फोटोसाठी नाही, तो कमरेच्या हाडावर टेकवून घट्ट करायचा, मग खांद्याचे पट्टे जरा ढिले करायचे, आणि ओझं एकदम निम्मं झाल्यासारखं वाटतं. मी अर्ध्या पायऱ्यांपर्यंत खांदे फोडून घेतले आणि कॉलेजच्या एका मुलीने थांबवून पट्टा नीट करून दिला. ह्या सॅकचा कमरेचा पट्टा चांगला आहे, फोम दाबला तर परत वर येतो. पण साडीवर तो बांधता येत नाही हे लक्षात घ्या, निऱ्यांवर बसतो आणि सगळं खाली ओढतो, पंजाबी ड्रेसच हवा. सॅक बनवणाऱ्याने साडीचा विचार केलेला नाही, त्यासाठी मी स्टार कापत नाहीये पण कुणीतरी करायला हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे नाशकात सत्तावीस वर्षं राहून मी पांडवलेणीला तिसऱ्यांदा गेले होते, त्यातली दोन वेळा पाहुण्यांना घेऊन. चोवीस लेणी आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासची, आणि तीन नंबरच्या लेण्यात जो मोठा शिलालेख आहे तो गौतमी बलश्रीचा, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. लेणं भिक्षूंना दान दिल्याचा लेख आहे आणि त्यात मुलाचं एवढं कौतुक की वाचणाऱ्याने दमावं. तिथं एक केरळहून आलेलं जोडपं होतं, ते मला विचारत होते, तुम्ही इथल्याच का, किती नशीबवान. मी हो म्हटलं आणि तागे घेऊन खाली उतरले.

आता खरी ट्रिप. हंपी. का हंपी, तर नव्या पन्नासच्या नोटेमागं जो दगडी रथ आहे तो मी रोज गल्ल्यात बघते, आणि सासूबाईंनी सांगितलेलं की आपला विठोबा एकदा तिकडं नेला होता.

लोकांना वाटतं नाशिकहून दक्षिणेत जायचं म्हणजे आधी मुंबई नाहीतर पुणे. अरे मनमाड आहे ना आपल्या जिल्ह्यात! नाशिकरोडहून ७३ किलोमीटर. कर्नाटक एक्सप्रेस दिल्लीहून येते ती मनमाडला वळून नगर, दौंड, सोलापूर करत खाली जाते. दुपारी बसायचं, पहाटे गुंतकल, तिथून बल्लारी करत होस्पेट. मी मनमाडपर्यंत एसटीने गेले, बायकांना अर्धं तिकीट आहेच मार्च २०२३ पासून, त्यात काय ट्रेनची धावपळ.

तिकिटाबाबत एक सांगते कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. स्लीपरमध्ये खालचा बर्थ मिळेल का ह्या भीतीने माझ्या वयाच्या बायका ट्रेनचं नाव काढत नाहीत, गुडघे. तर ४५ वर्षांच्या पुढची बाई एकटी जात असेल तर तिच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. ॲपमध्ये जिथं जनरल लिहिलेलं असतं तिथं दाबलं की यादी उघडते, त्यात लोअर बर्थ सीनियर सिटिझन असं आहे. पुरुषांना तो साठीला मिळतो, आपल्याला पंचेचाळिशीला. मी तेव्हा ५१ ची होते, आरामात मिळाला. म्हणजे एकटीने जायचं तर सोय जास्त आहे, आणि आपण सोबत मिळेपर्यंत थांबतो. आणि तिकीट चार महिने आधी काढावं लागतं हे पण आता नाही, नोव्हेंबर २०२४ पासून बुकिंगच ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे एवढं लांबचं प्लॅनिंग आमच्याने होत नाही हे पण कारण गेलं.

स्लीपरला चादर मिळत नाही, ती एसीत. माझी सोलापुरी चादर सॅकच्या खालच्या कप्प्यात बसली. ह्या सॅकला खाली वेगळी चेन आहे, वरचं काही न काढता खालचं काढता येतं, हे मला सगळ्यात आवडलेलं. रात्री अकरा वाजता डब्यात अंधार असताना कुणाच्या झोपेत न जाता चादर काढली. आमच्या त्या मोठ्या सुटकेसमध्ये चादर हवी तर आधी अख्खा संसार काढावा लागायचा.

कूपेमध्ये बंगळूरला मुलाकडं चाललेलं एक नगरचं कुटुंब होतं. त्यांनी पुरी भाजी दिली, मी चिवडा दिला. बाईंनी विचारलं एकट्याच? मी हो म्हटलं. कामासाठी? नाही, बघायला. त्यावर त्यांनी नवऱ्याकडं जे बघितलं ना, ते नवरेबुवा सोलापूरपर्यंत मोबाईलमधून वर आले नाहीत.

होस्पेटला उतरले आणि पहिला तडाखा. एका लॉजवर, नाव लिहीत नाही, काउंटरवरचा म्हणाला सिंगल लेडीला रूम नाही. असा कुठलाही कायदा नाहीये, मी आधार कार्ड पुढं केलं तरी त्याची मान हलतच राहिली. पाच मिनिटं मला असं वाटलं की सिडकोतले सगळे लोक माझ्यामागं उभे आहेत आणि म्हणतायत बघ, सांगितलं होतं. पाठीवर साडेसहा किलो, तोंड धुतलेलं नाही. मग समोरच्या गल्लीत दुसरं लॉज होतं, तिथं काउंटरवर बाईच बसलेल्या, त्यांनी आधार बघितलं, ७०० रुपये घेतले आणि गरम पाणी सकाळी किती वाजता येतं ते बोटांनी दाखवलं. एवढंच. तेव्हापासून मी जायच्या आधी फोन करून स्पष्ट विचारते, एकटी बाई आहे, रूम देता का. नाही म्हणाले तर दुसरा नंबर. ११२ आणि रेल्वेचा १३९ हे दोन नंबर सेव्ह आहेत, अजून लागले नाहीत.

आणि आता तो प्रसंग ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सॅक पाठीवर घेताना छातीचा जो आडवा छोटा पट्टा असतो त्याची शिवण उसवली. बार्टॅक बघून घेतली होती ना मी, तर तो खांद्याला होता, छातीच्या पट्ट्याला साधा एक टाका मारून सोडलेला. हे मी दुकानात बघितलं नाही ही माझीच चूक, पण कंपनीचा पण आळस. बाजारात फिरता फिरता एक लेडीज टेलर दिसलं. पाटी कन्नडमध्ये, एक अक्षर कळेना, पण दारावर ब्लाउजची पुठ्ठ्याची कटिंग लटकलेली आणि आत मशीनचा आवाज, त्याला काय भाषा लागते. आत गेले. माझ्याच वयाची बाई, तोंडात टाचण्या. मी पट्टा दाखवला, तिने मान हलवली आणि जाड कापडावर बोट घासून दाखवलं की माझी सुई मोडेल. बरोबर होतं तिचं, मशीनला बारीक सुई होती, तेवढ्या पट्ट्याला सोळा नाहीतर अठरा नंबर पाहिजे. मी बोटांनी सोळा दाखवलं, ती हसली, ड्रॉवरमधून डबी काढली. मग मी स्वतःकडं बोट दाखवून हवेत पायाने पेडल मारून दाखवलं. तिने उठून मला मशीनवर बसवलं!

मी पुढं मागं तीन वेळा टाका मारला, चौकोन केला, मध्ये फुली, जसं आपण पिशवीच्या बंदाला करतो. तोपर्यंत ती माझ्या ब्लाउजचा गळा बघत होती, मी ड्रेसवर होते पण सॅकमध्ये वर एक ब्लाउज होता, तो तिने उचलून उलटा केला. आतून बघितला. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. मग तासभर आम्ही कटोरी, प्रिन्सेस कट, पायपिंग, कॅनव्हास, हुक, लटकन असलं बोलत होतो, हे सगळे शब्द तिकडं पण तेच आहेत. तिने मला चहा पाजला, पैसे घेतले नाहीत, आणि नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण, साकु म्हणजे पुरे एवढं शिकवून पाठवलं. चार दिवसांना तेवढं पुरलं. नीरु तर आपलं नीरच आहे. भाषा येत नाही म्हणून मी जी भीती बाळगली होती ती आठवून मला दुकानाबाहेर आल्यावर एकटीलाच हसू आलं.

होस्पेटहून हंपी तेरा किलोमीटर, सरकारी बस जाते. कर्नाटकात त्यांच्या बायकांना बस फुकट आहे, २०२३ च्या जूनपासून, त्यामुळे अख्खी बस बायकांनी भरलेली, कुणी देवाला, कुणी मुलीकडं, कुणी नुसतंच. मी महाराष्ट्राची म्हणून मला तिकीट पडलं. शेजारची म्हातारी माझ्याकडं तिकीट बघून हळहळली.

विठ्ठल मंदिराला गाड्या थोड्या लांबच थांबवतात, तिथून बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आहेत आणि त्या बायका चालवतात, खाकी शर्ट घालून. मंदिराचं चाळीस रुपयांचं तिकीट, तेच त्या दिवशी कमळ महाल आणि हत्तीखान्याच्या आवारात पण चालतं, ते फेकू नका, मी एका जोडप्याला फेकताना बघितलं. रथ नोटेवर दिसतो तसाच आहे, फक्त नोटेवर ऊन दिसत नाही. गुडघ्यांचं म्हणाल तर मतंग टेकडीवर सूर्योदयाला सगळे जातात, मी नाही गेले, मी हेमकूटवर गेले, ते सपाट सपाट खडक आहेत आणि विरूपाक्षाचं गोपूर समोर दिसतं. सगळं बघितलंच पाहिजे हे पण डोक्यातून काढून टाका, कुणी परीक्षा घेणार नाहीये.

विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. रिकामा आहे. आपल्याकडं कथा आहे की कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा तिकडं नेला आणि पैठणच्या भानुदासांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी, परत आणला. इतिहासवाले काय म्हणतील ते म्हणोत, मी त्या अंधारात उभी राहिले आणि सासूबाईंना फोन लावला. रेंज अर्धी अर्धी येत होती. म्हटलं आई, इथं कुणी नाहीये, जागा रिकामी आहे. त्या पलीकडून म्हणाल्या, कशी असेल, तो आपल्याकडं आहे ना. आणि मग म्हणाल्या, पण नमस्कार करून घे, राहिला होता तिथं काही दिवस. केला.

खर्च किती आला ते विचारणारच तुम्ही. घरातून निघून घरी येईपर्यंत सहा दिवस, रेल्वे बस रिक्षा लॉज जेवण तिकिटं आणि मुलीसाठी एक इरकल धरून सात हजार तीनशे. मी वहीत लिहिलंय, मापाच्या वहीत. इरकल काढली तर अजून कमी. पोट एकदाही बिघडलं नाही, इडली आणि भात खाऊन काय बिघडणार, आणि मिरची भजी तिकडची खाल्लीत तर आपल्या मिसळीवर वाढलेल्या माणसाला तर काहीच होत नाही. घराचं म्हणाल तर मी आले तेव्हा मिस्टरांनी कुकरची शिट्टी बदलून ठेवली होती आणि सासूबाईंनी त्यांना पिठलं शिकवलं होतं. माझ्याशिवाय घर चालत नाही हे मला वाटायचं, ते चाललं, आणि खरं सांगू का, थोडं वाईटच वाटलं.

आता सॅककडं परत. त्यानंतर ती सहा वेळा बाहेर गेलीय, तीन वेळा माझ्याबरोबर आणि बाकी मुलीबरोबर. दोष सांगते.

चेन. वरच्या मुख्य कप्प्याला दहा नंबरची जाड चेन आहे, चांगली चालते. पण रनरच्या ज्या दोन कानांत कुलूप घालायचं ते कान जुळतच नाहीत, एक वर एक खाली. रेल्वेच्या क्लोक रूममध्ये कुलूप नसलेलं सामान ठेवून घेत नाहीत, हा नियमच आहे आणि बरोबर आहे. त्यामुळे गुंतकलला परतीच्या गाडीला सात तास होते तर मी सॅक पाठीवर घेऊनच फिरले. नंतर मी दोन्ही रनरना जाड नाडीचे लूप शिवले, आता कुलूप लागतं. हे १८५० रुपयांच्या वस्तूत मला का शिवावं लागावं? सॅक घेताना एक छोटं कुलूप खिशात घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा.

वॉटरप्रूफ. दुकानदार म्हणाला काकू बादलीत बुडवा. मी त्याला तेव्हाच विचारायला हवं होतं की सुई जिथून गेली तिथलं भोक कुणी बुजवलं. कापडाला आतून मेणचट थर दिलेला असतो तो पाणी अडवतो, ते खरं, पण शिवणीवर जोपर्यंत आतून टेप चिकटवलेली नाही तोपर्यंत प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, आणि एका सॅकला किती टाके असतात ते मला विचारा. जुलैत भंडारदऱ्याला गेले तर शिवणींवरून पाणी आत, टॉवेल ओला, चपात्या ओल्या. रेनकव्हर सोबत येतं पण ते खाली ढिलं आहे, वारा आला की छत्रीसारखं फुगतं. मी त्यात इलास्टिक बदलून घातलं. आणि सगळे कपडे आत प्लास्टिकच्या पिशवीत, हा सगळ्यात स्वस्त उपाय. पाऊस आहे म्हणून जायचं नाही असं म्हणू नका, पाऊस बघायलाच तर जातो आपण तिकडं.

चोरकप्पा. पाठीच्या बाजूला एक लपलेली चेन आहे, पैसे आणि आधार कार्डसाठी मस्त. एवढी लपलेली आहे की तुम्ही स्वतः विसरता. गेल्या वर्षी मुलीने ओझरहून हैदराबादचं विमानाचं तिकीट काढलं, माझं पहिलं विमान, आत न्यायचं सामान सात किलो म्हणून मी घरी तीन वेळा वजन केलं, पाच मिनिटं पण उशीर नको म्हणून तीन तास आधी जाऊन बसले, आणि तपासणीत मशीनमधून सॅक परत मागं आली. चोरकप्प्यात माझी दोरा कापायची छोटी कात्री! भंडारदऱ्यापासून तिथंच होती. तिकडची मुलगी हसली, कात्री तिथंच राहिली, मी आत गेले. विमानाबद्दल जे काही वाटायचं, इंग्रजी बोलावं लागेल, कपडे कसले घालायचे, त्यातलं काही झालं नाही, कात्री गेली एवढंच. पंधरा वर्षांची होती ती.

सॅक कुणी घ्यावी? तुमची उंची पाच फुटाच्या आसपास असेल तर आधी पाठीवर घेऊन बघा, कमरेचा पट्टा हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. ४५ लिटर मला सहा दिवसांना पुरून उरते, ३५ पण चालली असती. मोठी घेतली की आपण काहीतरी भरतोच.

एक बदल मी केलाय जो बाजारातल्या कुठल्याच सॅकमध्ये मिळणार नाही. सासूबाईंचा वारीचा बटवा फाटला होता, त्याचं कापड उसवून मी वरच्या झाकणाच्या आतून एक कप्पा शिवलाय, नाडीचा. त्यात सुट्टे पैसे, चार हुक, एक सुई, पांढरा आणि काळा दोरा. कात्री नाही. सासूबाई ७८ च्या आहेत, पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट, ह्या पौषात त्यांना तुळजापूरला न्यायचंय. त्यांना सॅक दाखवली तर त्यांनी सगळे पट्टे एकेक करून ओढून बघितले, उलटी करून आतून बघितली, आणि म्हणाल्या पिशवी बरी आहे पण मी माझी घेईन, ह्याला बांधायलाच अर्धा दिवस जाईल.